घराण्याचा शोध: आधी फेरफार, आधी तीर्थोपाध्यायांची वही की आधी दप्तरखाना?

पणजोबांच्या नावापर्यंत बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांना सांगता येते. त्यापलीकडे जायचे असेल, तर महाराष्ट्रात प्रामुख्याने चार मार्ग आहेत: जमिनीचे महसुली अभिलेख, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही व शाळेचे रजिस्टर, तीर्थक्षेत्रातील उपाध्यायांच्या वह्या आणि शासनाचे पुराभिलेखागार. यांपैकी कोठून सुरुवात करावी हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे मूळ गाव ठाऊक आहे की नाही, आणि दुसरी म्हणजे शोध केवळ घराण्याची माहिती मिळावी म्हणून आहे की एखाद्या कार्यालयात पुरावा द्यायचा आहे म्हणून. गाव ठाऊक असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: आधी फेरफार, म्हणजे जमिनीवरील नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी, पाहावेत.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि खातेदार मरण पावल्यावर त्याच्या वारसांची नावे लावण्यासाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद होऊ लागली. वंशावळीच्या दृष्टीने या नोंदीइतका नेमका कागद दुसरा नाही. अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्याच्या मागे इतके मुलगे, इतक्या मुली आणि विधवा पत्नी, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची प्रमाणित केल्याची सही, असे एका पिढीचे पूर्ण चित्र चार-सहा ओळींत मिळते. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक लिहिलेला असतो आणि कमी झालेले नाव कंसात टाकलेले असते. तो क्रमांक धरून मागे मागे जात राहिले, की प्रत्येक फेरफार आधीच्या पिढीकडे नेतो. नावापुढची संक्षिप्त अक्षरेही दुर्लक्षू नयेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तेव्हा एकाच भावाचे नाव असले तरी मागे इतर भाऊ असण्याची शक्यता असते, ‘अ.पा.क. आई’ म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, आणि अनेक घराण्यांत पणजीचे नाव कागदावर सापडते ते याच तीन शब्दांमुळे.

या मार्गात अडचणी आहेत, परंतु त्या ओळखीच्या आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. त्यामुळे आजच्या सातबाऱ्यावरून थेट १९३० सालच्या फेरफारापर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घेऊन जुना नंबर शोधावा लागतो. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथील जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. त्यांतील वर्ष फसली सनाचे असते आणि त्यात ५९० मिळवले, की इसवी सन साधारणपणे निघतो. तेथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक ही जमिनीच्या जुन्या नोंदींची नावे लक्षात ठेवावीत. विदर्भातील महसुली कागदांचे नमुनेही वेगळे आहेत, म्हणून पुणे-सातारा भागातील नातेवाइकाचा अनुभव नागपुरात जसाच्या तसा लागू पडेल असे धरून चालू नये. जुने अभिलेख तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अनेक जिल्ह्यांतील कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. प्रवास करण्यापूर्वी तेथे पाहून घ्यावे.

ज्यांच्या पूर्वजांची स्वतःची जमीन नव्हती, त्यांना हा मार्ग बंद आहे असे अनेक जण समजतात आणि तेथेच थांबतात, याचे मला फार वाईट वाटते. कूळ म्हणून जमीन कसणाऱ्याचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात असते आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून ज्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला, त्यांच्या कलम ३२-ग च्या प्रकरणांत कुटुंबाची माहिती येते. महार, रामोशी इत्यादी समाजांची गावकामाची वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि जमिनी पुन्हा देण्यात आल्या. त्या वेळच्या फेरफारांत आणि वतनाच्या रजिस्टरांत नावे सापडू शकतात.

जमिनीशी कोणताच संबंध नसेल, तर गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, अधिक उपयोगी पडते, कारण जन्माला येणारा आणि मरणारा प्रत्येक जण तीत यावा अशीच तिची रचना आहे. मात्र ही वही वाचताना संयम लागतो. जुन्या पानांवर अनेकदा आडनाव नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, बाळाचे नाव नसते. एकाच गावात त्याच नावाचे दोन-तीन बाप असू शकतात, म्हणून फेरफारातील किंवा शाळेच्या रजिस्टरमधील नावांशी ताडून पाहिल्याशिवाय अशी नोंद आपल्या घराण्याची मानू नये. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे २०२३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध झाला आणि त्यातील बरेच कागद जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर आले. तो शोध कुणबी दाखल्यांसाठी झाला असला, तरी त्या पानांचा उपयोग गावातील इतरांनाही होतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थान आणि जात हे रकाने मोलाचे आहेत. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये, कारण खरी तारीख माहीत नसलेल्या मुलांची जन्मतारीख १ जून लिहिण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती.

आता तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितले, की त्या गावाचे उपाध्याय कोण हे कळते आणि ते आपली नामावळी काढतात. सिंहस्थात, अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या व्यक्तीने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव तीत लिहिलेले असते, खाली सही असते. शासकीय कागदावर आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले असते; येथे पूर्वजाने स्वतः लिहिलेले असते, आणि पणजोबांचे मोडीतील वळण प्रत्यक्ष पाहण्याचे समाधान फेरफाराची नक्कल देऊ शकत नाही. कुटुंबाची व्याप्ती समजण्यासाठी, विशेषतः गाव सोडून गेलेल्या शाखांचा माग काढण्यासाठी, ही वही फेरफारापेक्षा सरस आहे. तिची मर्यादा अशी, की जो तीर्थाला गेला त्याचीच नोंद होते. ज्यांना तो प्रवास परवडला नाही किंवा ज्यांना घाटावर जागाच नव्हती, ते तीत नाहीत. स्त्रियांची नावेही तुरळक येतात. वर्ष शके दिलेले असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतील कुटुंबांनी हेळव्यांकडेही अवश्य चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी येऊन वंशावळ वाचून दाखवणारे आणि नवे जन्म लिहून नेणारे हे लोक अजूनही येतात.

पुण्याच्या पुराभिलेखागाराचे आकर्षण सर्वांत अधिक असते आणि सुरुवात तेथून करण्याची चूक त्यामुळेच होते. पेशवे दप्तरातील हजारो रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, असलेले कागद मुख्यतः मोडीत आहेत आणि ते राज्यकारभाराच्या गरजेने तयार झालेले आहेत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, सरदार अशा घराण्यांना तेथे वतनाचे तंटे, इनामांच्या चौकशा आणि त्यांसोबत जोडलेल्या वंशावळी मिळू शकतात. साध्या रयतेचे नाव मिळणे हा बराचसा योगाचा भाग आहे. गाव, परगणा आणि १९०० च्या सुमारास हयात असलेल्या पूर्वजाचे नाव हातात नसताना तेथे बसलेले दिवस बहुधा वाया जातात. ही तीन माहिती असेल आणि घराण्यात वतन असेल, तर जरूर जावे. स्वतः मोडी शिकण्याची तयारी असल्यास पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग त्यासाठी उपयोगी पडतात. गोव्यातील कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे: तेथे पणजीचे पुराभिलेखागार, चर्चची बाप्तिस्मा व विवाहाची रजिस्टरे आणि गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, कागद यांमुळे सामान्य कुटुंबही बरेच मागे जाऊ शकते, फक्त पोर्तुगीज वाचणारा जाणकार सोबत हवा.

शोध जातपडताळणीसाठी असेल, तर पसंतीला फारसा वाव राहत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. अशा वेळी शाळेचे रजिस्टर आणि गाव नमुना १४ यांना पहिले स्थान द्यावे, कारण जात तेथे लिहिलेली असते. फेरफाराचे काम त्या नोंदीतील माणूस आपलाच पूर्वज आहे हे पिढी जोडून दाखवण्याचे. तीर्थोपाध्यायांच्या वहीतील पान सोबत जोडता येते, परंतु त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. घराण्यात दत्तक गेलेला कोणी असेल, तर दुय्यम निबंधकाकडील दत्तकपत्राची नक्कल आधीच मिळवावी; बापाचे नाव मध्येच बदललेले दिसले, की पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचा पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मूळ गावच ठाऊक नसेल, उदाहरणार्थ आजोबा मुंबईच्या गिरणीत आले आणि गावाशी संबंध तुटला असेल, तर फेरफारापासून सुरुवात करता येत नाही. अशांनी आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या शाळेतील जन्मस्थानाची नोंद मिळवावी, कुलदैवत कोणते आणि लग्नसंबंध कोणत्या तालुक्यांत होत हे घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीला विचारावे आणि तालुका निश्चित झाला, की नाशिकच्या उपाध्यायांकडे जावे. तेथे गावाचे नाव मिळाल्यावर मग तहसील कचेरीत अर्ज करावा. प्रत्येक ठिकाणी केवळ मोबाइलवर छायाचित्र काढून न थांबता रजिस्टरचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक टिपून ठेवावा, आणि शासकीय कागद असेल तर प्रमाणित नक्कल मागावी.