एकाचे दोन दिसू लागल्यावर: तीन महिने थांबावे की लगेच एमआरआय करावा?

एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल आणि दूरचे किंवा एका बाजूचे पाहताना त्रास वाढत असेल, तर डोळा बाहेरच्या दिशेला वळवणारा सहावा मज्जातंतू दुबळा झाला असण्याची शक्यता असते.

रुग्ण पन्नाशीपुढचा असेल, त्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, त्रास अचानक सुरू झाला असेल आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर तंतूचा सूक्ष्म रक्तपुरवठा खंडित झाल्याचे निदान बहुधा खरे ठरते व डोळा साधारण तीन महिन्यांत पूर्ववत होतो. अशा रुग्णाने थांबणे रास्त आहे. मात्र डोळ्याचा पडदा, रक्तातील साखर आणि ईएसआर-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) तपासल्यानंतरच, आणि दर काही आठवड्यांनी डोळ्याची हालचाल मोजून घेत.

दुसरी बाजू, म्हणजे लगेच एमआरआय का करावा याचे कारण, या तंतूच्या मार्गात दडलेली आहे. मेंदूच्या खोडातून निघाल्यावर तो कवटीच्या तळाशी असलेल्या क्लायव्हस या हाडाला लगटून वर चढतो, डोरेलोच्या अरुंद कालव्यातून वळतो आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागची शिरांची पोकळी) मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या शेजारून पुढे जातो. या वाटेवर कॉर्डोमा (कवटीच्या तळाच्या हाडातील गाठ), मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) किंवा नाकामागच्या घशातून वर पसरलेला कर्करोग यांपैकी काहीही त्याला दाबू शकते, आणि क्लायव्हसच्या कॉर्डोमात तर दुहेरी दिसणे हेच अनेकदा पहिले लक्षण असते. म्हणून रुग्ण तरुण असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, चेहरा बधिर होत असेल किंवा दोष हळूहळू वाढत असेल, तर माझ्या मते एक आठवडाही वाया न घालवता एमआरआय करावा. वेदनेवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण मधुमेहातील दोषातही भुवईभोवती दुखू शकते.

थांबणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: कवटीच्या तळाच्या गाठीमुळे आलेला दुबळेपणाही कधीकधी आपोआप ओसरतो आणि पुढे परततो. त्यामुळे बरे वाटले तरी शेवटची तपासणी टाळू नये, आणि त्रास परत आल्यास एमआरआय करावाच.

साधा सीटी स्कॅन स्वस्त व झटपट होतो, हाडाची झीजही चांगली दाखवतो. परंतु या भागातील लहान गाठ त्यात सुटू शकते, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर निश्चिंत राहू नये. कॉन्ट्रास्टसह (शिरेतून द्रव्य टोचून) एमआरआय करताना कवटीचा तळ, कॅव्हर्नस सायनस आणि नेत्रखोबणी यांचे बारीक छेद घेण्याची सूचना डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट असावी. मधुमेही रुग्णाने आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे.

पापणी खाली आली असेल आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर थांबावे की एमआरआय करावा ही तुलना लागूच होत नाही: तो तिसऱ्या तंतूचा दोष असून धमनीच्या फुग्याच्या शंकेने त्याच दिवशी अँजिओग्राफीची सोय असलेले रुग्णालय गाठावे.