टोकाच्या पक्षांना कोणती निवडणूक पद्धत रोखते?

मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. तिला पाठिंबा द्यायचा का, हे ठरवताना एक प्रश्न टाळू नका: अशाने टोकाच्या पक्षांचे फावेल का?

सर्वांत बोलका दाखला फ्रान्सचा. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या काळात प्रमाणशीर पद्धत आली आणि ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट या कडव्या उजव्या पक्षाला जेमतेम 10 टक्के मतांवर 35 जागा मिळाल्या. 1988 मध्ये दोन फेऱ्यांची जुनी पद्धत परतली: पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत नसेल, तर आघाडीच्या उमेदवारांत दुसरी फेरी. मते जवळपास तेवढीच पडली, जागा मात्र 1! दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे एकवटतात, म्हणून असे होते. 2024 मध्येही पहिल्या फेरीत हाच पक्ष, आता नॅशनल रॅली या नावाने, मित्रांसह 33 टक्के मते घेऊन पुढे होता. मग विरोधकांच्या दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली आणि तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. तरी 143 जागा मिळाल्याच. म्हणजे ही भिंत टिकते ती विरोधकांची एकी असेपर्यंत.

जर्मनीत जागा प्रमाणातच मिळतात, पण साधारणपणे 5 टक्के मतांची अट आहे; त्याहून कमी मते मिळाली तर जागा नाहीत. 1928 मध्ये अशी अट नसल्याने 2.6 टक्के मतांवर नाझींचे 12 खासदार आले होते. 1969 मध्ये एनपीडी हा कडवा उजवा पक्ष 4.3 टक्क्यांवर अडला. मोठ्या लाटेपुढे ही अट तोकडी पडते. 2025 मध्ये एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला 20.8 टक्के मते मिळाली.

ब्रिटनची पद्धत आपल्यासारखीच. 2015 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या युकिप पक्षाला 12.6 टक्के मते आणि 1 जागा. या पक्षाला नाझींच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरेल. पण त्याच्याकडे मते वळतील या धास्तीने हुजूर पक्षाने या मागणीवर सार्वमताचे आश्वासन दिले आणि 2016 मध्ये ब्रेक्झिटचा, म्हणजे बाहेर पडण्याचा, कौल लागला. पक्ष संसदेत एका जागेवरच अडला, त्याची मागणी मात्र मान्य झाली. शिवाय 2024 मध्ये मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या. एखाद्या कडव्या गटाने असा मोठा पक्षच ताब्यात घेतला तर?

मला ही भीती सर्वांत मोठी वाटते, म्हणून माझा कल 5 टक्क्यांच्या अटीसह प्रमाणशीर पद्धतीकडे आहे. जुलै 1932 मध्ये प्रमाणशीर पद्धतीत 37 टक्के मते मिळूनही नाझींना बहुमत मिळाले नव्हते. हिटलरला चान्सलरपदी नेमले ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी. छोट्या गटांच्या शिरकावाचीच काळजी असेल, तर मात्र फ्रान्सच्या दोन फेऱ्या अधिक उपयोगी.