ज्युनिअर की जीटीव्ही? दोन अल्फांसोबतचे आठ महिने

मार्च ते ऑक्टोबर माझ्याकडे दोन जुन्या अल्फा रोमिओ गाड्या होत्या. १९६८ ची जीटी १३०० ज्युनिअर माझीच. १९७२ ची २००० जीटीव्ही इथल्याच, मिलानमधल्या मित्राची. तो परदेशी जाताना "उभी ठेवू नकोस, चालवत राहा" म्हणत किल्ली देऊन गेला.

बॉडीचा घाट दोघींचा एकच, डिझायनर जुजारोनं बेर्तोने या डिझाइन-कंपनीत असताना ऐन तरुणपणी काढलेला. ज्युनिअरच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला ती प्रसिद्ध पायरी आहे, म्हणजे बॉनेटची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित वर उचललेली. जीटीव्हीचं नाक सपाट, हेडलाइट चार. मला पायरीवालीच देखणी वाटते.

दोन्हींत ॲल्युमिनियमचं ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ज्युनिअर १२९० सीसी, ८९ हॉर्सपॉवर. जीटीव्ही १९६२ सीसी, १३० च्या आसपास. आकडे पाहून कुणीही जीटीव्हीच उचलेल. सुरुवातीला मीही तिच्याच प्रेमात होतो. कोमो तलावाकाठच्या बेलाजिओहून गिसाल्लोचा घाट ती तिसऱ्या गिअरवर ओढत नेते, पाय जरा दाबला की झालं. ज्युनिअरला असं चालत नाही. वळणाआधीच गिअर उतरवायचा आणि इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली पडू द्यायचं नाही. एक वळण चुकलं की पुढची सगळी चढण रखडत जाते. पण ती शंभरेक किलोंनी हलकी आहे, आणि लय सापडली की स्टीअरिंग बोटांवर येतं. जूनपासून घाटासाठी माझा हात आपोआप तिच्याच किल्लीकडे जायला लागला.

बोलोन्याच्या महामार्गावर मात्र चित्र उलटं. ज्युनिअरचा फायनल ड्राइव्ह (मागच्या ॲक्सलमधलं गिअरचं गुणोत्तर) ४.५५, जीटीव्हीचा ४.१; म्हणजे त्याच वेगाला ज्युनिअरचं इंजिन जास्त फिरतं. एकशेवीसच्या वेगाला ज्युनिअरमध्ये बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागतं. जीटीव्हीतून दोनशे किलोमीटर जाऊनही उतरताना अंग दुखत नाही. ग्रॅन तुरिस्मो, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी, हे जीटीमागचं नाव तिलाच शोभतं.

दुसरा गिअर दोन्हींत थंडपणी कुरकुरतो. तेल गरम होईपर्यंत सबुरीनं घ्या. विकत घेणार असाल तर इंजिनाआधी दाराखालचे सिल (पत्र्याचे आडवे पट्टे) तपासा, लोहचुंबक लावून; पुट्टीवर ते चिकटत नाही. माझ्या गाडीत आधी कुणीतरी गंजावर पुट्टी थापली होती. डावा सिल अख्खा कापून नवा पत्रा जोडावा लागला, त्यात सहा आठवडे गेले.

मित्र परतला, जीटीव्ही गेली. गेल्या रविवारी बोलोन्याला ज्युनिअरच नेली, पण पिआचेंझाला महामार्ग सोडून व्हिया एमिलिया या जुन्या रोमन रस्त्यानं. दीड तास जास्त लागला. गप्पा मात्र वाटभर चालल्या.