बारावा प्रेषित कोण: मत्थिया की पौल?

बायबल अभ्यासाला ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक घेतलं की पहिल्याच अध्यायात गाडी अडते. येशू स्वर्गात वर घेतला गेलाय, पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरण्याचा, दिवस अजून यायचाय. साधारण १२० माणसं जमलेली असताना पेत्र उठतो आणि म्हणतो, बारा प्रेषितांपैकी येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची रिकामी जागा भरली पाहिजे. दोन नावं पुढे येतात : युस्त म्हणून ओळखला जाणारा योसेफ बर्सबा आणि मत्थिया. प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकतात, मत्थियाची निघते. आणि वर्गात कुणीतरी हात वर करतंच : “पण देवाच्या मनातला बारावा तर पौल होता ना?”

पौल म्हणजे नंतर प्रेषित झालेला, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, तो. अभ्यास तुम्हीच घेणार असाल तर यावर आधी स्वतःचं मत ठरवलेलं बरं.

पौलाची बाजू मांडणारे म्हणतात, अकरा जणांनी घाई केली. येशूने यरुशलेमेत थांबून पित्याच्या वचनाची वाट पाहायला सांगितलं होतं (१:४), यांनी पवित्र आत्मा येण्याआधीच निवड उरकली. तीही चिठ्ठ्या टाकून, आणि ही पद्धत नव्या करारात मंडळीने पुन्हा कधी वापरलेली दिसत नाही. मत्थियाचं नावही पुढे कुठे येत नाही. उलट पौल गलतीकरांना ठणकावून सांगतो, आपलं प्रेषितपद माणसांकडून आलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे प्रसिद्ध उपदेशक कॅम्पबेल मॉर्गन याच मताचे होते. पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या पेन्टेकॉस्टच्या प्रतिमांतही पौल बाराजणांत बसलेला दिसतो, खरं तर तो त्या दिवशी तिथे नव्हताच.

ऐकायला हे पटतं. पण एकेक मुद्दा हातात घेतला की सैल पडतो. मत्थियाचं नाव पुढे येत नाही हे खरं. पण त्याच पुस्तकात पहिल्या अध्यायानंतर बारांपैकी पेत्र, योहान आणि याकोब सोडले तर कुणाचंच नाव येत नाही. मग अंद्रिया आणि थोमाही चुकीचे ठरवायचे का? ‘थांबा’ ही आज्ञा सामर्थ्य मिळेपर्यंतची होती. तेवढ्या दिवसांत जागा भरू नका, असं त्यात कुठेच नाही.

मत्थियाच्या बाजूचा पाया पेत्राने घातलेल्या अटीत आहे. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू वर घेतला जाईपर्यंत सतत सोबत असलेला माणूस हवा, पुनरुत्थानाचा साक्षी म्हणून (१:२१-२२). पौल या अटीत बसत नाही, आणि तसा दावाही करत नाही. पिसिदियातल्या अंत्युखियात बोलताना तो गालीलाहून येशूबरोबर आलेल्यांना साक्षीदार म्हणतो, स्वतःला त्यांत धरत नाही (१३:३१). १ करिंथ १५ मध्ये तर क्रमच लावतो : आधी बाराजण, आणि शेवटी ‘अकाली जन्मलेला’ असा आपण. तो प्रेषित आहेच. या पुस्तकाचा लेखक लूक पौलाचा सोबती बर्णबा यालाही प्रेषित म्हणतो (१४:१४). पण ‘प्रेषित’ आणि ‘बारा’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि वर्गातला निम्मा गोंधळ ते एक धरल्यामुळे होतो.

बारा हा आकडा इस्राएलाच्या बारा वंशांशी बांधलेला आहे (मत्तय १९:२८). म्हणून पुढे हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, तेव्हा त्याच्या जागी कुणाला नेमल्याचा उल्लेख नाही. यहूदाने जागा सोडली होती, याकोब ती राखून मेला. मला हा मुद्दा सगळ्यांत भारी वाटतो.

चिठ्ठ्यांचं काय? आपल्याला चिठ्ठी म्हटलं की भिशी आठवते, तिथेच गफलत होते. यहुद्यांना ती परकी नव्हती. जखऱ्याला धूप जाळण्याचा मान चिठ्ठीनेच मिळाला होता (लूक १:९). शिवाय प्रार्थनेत ‘तू कोणाला निवडलंस’ असं जे विचारलंय, तिथे ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे जे येशूने बाराजणांना निवडलं तेव्हा लूक आपल्या शुभवर्तमानात वापरतो (लूक ६:१३). निवडणारा तोच, फक्त आता दिसत नाही.

तरी आपल्या मंडळीचे वडील चिठ्ठीने नेमावेत, असं यातून निघत नाही. आत्मा अजून आला नव्हता म्हणून चिठ्ठ्या, असं जुन्या काळचे प्रसिद्ध उपदेशक बिशप ख्रिसोस्तोम यांनी इ.स. ४०० च्या सुमारासच सांगून ठेवलंय. सहाव्या अध्यायातले सातजण तर मंडळीनेच निवडले. इजिप्तमधली कॉप्टिक मंडळी मात्र आपला प्रमुख, म्हणजे पोप, निवडायला आजही तीन नावांतून चिठ्ठी काढते. ४ नोव्हेंबर २०१२ ला डोळे बांधलेल्या मुलाने पोप तवाद्रोस दुसरे यांचं नाव काढलं.

तर माझं मत मत्थियाकडे, आणि ते डळमळीत नाही. वर्गाला पाऊण तासच असेल तर चिठ्ठ्यांवर फार रेंगाळू नका. १ करिंथ १५:५-८ मोठ्याने वाचून घ्या, मग हात वर करणाऱ्यालाच विचारा, पौल स्वतःला कुठे उभा करतोय. वेळ उरलाच तर योसेफ बर्सबाबद्दल बोला. सगळ्या अटींत बसूनही त्याची चिठ्ठी निघाली नाही, आणि त्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही.