ग्राइंडरच्या पोटात राहणारी कॉफी: आठेक महिन्यांचा हिशेब

माझ्या इलेक्ट्रिक कॉफी ग्राइंडरची सेटिंगची रिंग, म्हणजे दळण जाड-बारीक करायची कडी, फिरवताना आतला प्लॅस्टिकचा दात तुटला. मोटर ठणठणीत, बर (दाणे दळणारी दातेरी जोडी) शाबूत, आणि पंधरा हजारांच्या घरातलं यंत्र एका चिमुकल्या तुकड्यासाठी ओट्यावर गप्प. कस्टमर केअरचं म्हणणं, "सर, प्लॅस्टिक पार्ट वॉरंटीत येत नाही." कुरिअरचा खर्चही माझाच, आणि पार्ट कधी येईल याला 'वीस-पंचवीस वर्किंग डेज'. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन-तीन मित्रांना वेगवेगळ्या ब्रँडकडून हेच वाक्य ऐकायला मिळालंय.

एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाखाली पाणी ढकलून काढलेल्या दाट कॉफीचं, गणित इथे पुन्हा मांडत नाही. १८ ग्रॅम भुकटी आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, पंचवीस ते तीस सेकंद. ते सगळ्यांना पाठ असतं. मशीनसोबत आलेली दुहेरी तळाची बास्केट (भुकटी भरायची भोकांची वाटी) वापरत असाल तर खाली वाचूही नका. तिच्यात दाब तळाच्या बारीक भोकामुळे तयार होतो, त्यामुळे कुठलंही बऱ्यापैकी दळण चालून जातं. साधी, एकेरी तळाची बास्केट लावली की मात्र पाण्याला अडवायचं सगळं काम दळणावर येतं, आणि ग्राइंडरची लायकी पहिल्याच शॉटला, म्हणजे एस्प्रेसोच्या पहिल्याच कपाला, कळते.

आता माझं दुखणं. या इलेक्ट्रिक ग्राइंडरमध्ये मोजून १८ ग्रॅम दाणे टाकले की बाहेर सोळा-सव्वासोळा येतात. उरलेली कॉफी आत, बरच्या खाली आणि नळीच्या वळणावर. ती दुसऱ्या दिवशी शिळी होऊन बाहेर पडते, म्हणून आधी दोनेक ग्रॅम दळून टाकून द्यायचे. अडीचशे ग्रॅमचं पाकीट सहाशेला, म्हणजे ग्रॅमला दोन रुपये चाळीस पैसे. दिवसाला दोन वेळा दोन ग्रॅम, महिन्याला दोनशे नव्वदच्या आसपास, वर्षाला साडेतीन हजार. कचऱ्यात! हा आकडा डोक्यात बसल्यापासून मी ग्राइंडर तिरका ठेवला, आतली भुकटी फुंकून काढायला रबरी भाता लावला, ब्रश घेतला, थापट्या मारल्या. बायको म्हणाली, "कॉफी पितोस की उकरतोस?"

खरा फरक पडला तो पाण्याच्या एका फवाऱ्याने. दळण्याआधी दाण्यांवर थेंबभर पाणी मारून हलवायचं, बस्स. दळताना तयार होणारी स्थिर वीज त्याने कमी होते, भुकटी भिंतींना चिकटत नाही. ही युक्ती कॉफीवाल्यांना जुनीच. २०२३ च्या अखेरीस ओरेगन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने तिच्यावर शोधनिबंधही काढला. माझ्याकडे आत अडकणारी कॉफी निम्म्याहून कमी झाली. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात हे जास्त जाणवतं. पावसाळ्यात चिकटणं आपोआप कमी, पण मग सेटिंग सरकतं, रोज थोडी कुरकुर.

पार्टची वाट बघताना एका मित्राचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आणला, किंगराइंडर के६. त्यानंतर माझा हिशेबच बदलला. आत राहणारी कॉफी जवळपास शून्य, हे अपेक्षितच होतं. पण याच्या सेटिंगचा एक क्लिक म्हणजे बर जेमतेम १६ मायक्रॉन सरकतो. माझ्या इलेक्ट्रिकवर आठ नंबरला शॉट अठरा सेकंदांत धो धो पडायचा, सातवर चाळीस सेकंदांनंतरही थेंब थेंब. मधलं काही नाहीच. मग डोस अर्धा ग्रॅम वाढव, टॅम्प (भुकटी दाबून बसवणं) बदल, नशीब. इथे एक क्लिक फिरवला की दोन-चार सेकंदांचा फरक. नवं पाकीट उघडल्यावर पूर्वी तीन-चार शॉट सिंकमध्ये जायचे. एक शॉट म्हणजे त्रेचाळीस रुपये. म्हणजे ज्या दोन ग्रॅमसाठी मी भाता फुंकत बसलो होतो, त्याच्या कितीतरी पट पैसे त्या दोन नंबरांच्या मधल्या खड्ड्यात जात होते. वॅट, टायमर, दाणे भरायचा काचेचा हॉपर, यातलं काही त्यावर उपाय नाही. एस्प्रेसोसाठी पहिला प्रश्न एकच: दोन सेटिंग्जमधलं अंतर किती? किंवा पायऱ्याच नसलेली, हवी तिथे थांबणारी रिंग आहे का?

मग तोच हँड ग्राइंडर स्वतःसाठी घेतला. कौतुक संपलं, आता तक्रार. मध्यम रोस्टचे अठरा ग्रॅम मिनिटभरात होतात. चिकमगळूरचा हलका रोस्ट मात्र दगडासारखा, खांदा भरून येतो. चार पाहुणे आले की मी चहा टाकतो.

इलेक्ट्रिक अखेर दुरुस्त होऊन आला. आता तो मोका पॉट (गॅसवर ठेवायची कॉफीची किटली) आणि फिल्टरसाठी, म्हणजे जिथे एका नंबराने फारसं बिघडत नाही. तेलकट, काळपट रोस्ट त्यात घालणं बंद केलंय. रिंग त्या चिकटपणानेच अडकली, असं दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, आणि उघडलेला भाग बघून मला ते पटलं.

बजेट पंधरा हजारांच्या आत असेल आणि घरात एस्प्रेसो पिणारे एक-दोघंच असतील तर हँड ग्राइंडरच घ्या. मोटर हवीच असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून, एका वेळच्या डोसवर चालणारा फ्लॅट बरचा, म्हणजे सपाट चकत्यांचा, बघा. आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याला सेटिंगच्या रिंगचा सुटा भाग भारतात मिळतो का आणि कितीला, हे लेखी विचारा. माझ्या तुकड्याचे चारशे दहा लागले, त्यावर कुरिअर वेगळं.