बारावीनंतर आंतरविद्याशाखीय पदवी: नाशिकमध्ये जुळवावी की पुण्यात तयार घ्यावी?

बारावीनंतर एकाच विषयाला स्वतःला बांधून घेण्याची ज्यांची तयारी नाही, अशा नाशिकच्या विद्यार्थ्यांपुढे आज प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्याच महाविद्यालयात प्रवेश घेऊन आपली पदवी आपण जुळवायची, हा पहिला. आणि पुण्यातील किंवा राज्याबाहेरील खासगी विद्यापीठाची लिबरल आर्ट्स (कला, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान एकत्र शिकवणारी) पदवी घ्यायची, हा दुसरा. माझ्या मते हा निर्णय माहितीपत्रकातील विषयांची संख्या मोजून घेऊ नये. निवडलेले दोन विषय प्रत्यक्ष वेळापत्रकात एकत्र बसतात का आणि त्यांची सांगड घालून देणारे कोणी तिथे आहे का, या दोन गोष्टींवर तो घ्यावा.

कागदावर पाहिले तर नाशिकचा पर्याय आता पूर्वीइतका ताठर राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीत दर सत्राला साधारण २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजणारी एकके), तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ क्रेडिट असा हिशेब आहे. मेजर (मुख्य) विषयाबरोबर मायनर (दुय्यम) विषय घ्यावा लागतो आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून निवडावे लागते. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन, त्यामुळे २० क्रेडिटचा मायनर म्हणजे सुमारे ३०० तास होतात. एवढ्या वेळात एखादा विषय नीट पायावर उभा राहू शकतो, म्हणून ‘सोपा आहे’ किंवा ‘मैत्रिणीने घेतला आहे’ अशा कारणाने मायनर निवडणे हे मोठे नुकसान आहे.

अडचण खरी सुरू होते ती वेळापत्रकात. नियम परवानगी देतो, पण महाविद्यालय तेच विषय चालवू शकते ज्यांना शिक्षक आहेत आणि पुरेसे विद्यार्थी आहेत. कला शाखेच्या तासिका सकाळी आणि विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके त्याच वेळेला असतील, तर भूगोल मेजर आणि संख्याशास्त्र मायनर ही उत्तम जोडी नियमपुस्तकातच राहते. या बाबतीत एकाच संकुलात अनेक विद्याशाखा असलेल्या महाविद्यालयांचा विचार आधी करावा. १९२४ पासून चालत आलेले एचपीटी कला व आरवायके विज्ञान महाविद्यालय किंवा गंगापूर रोडवरील केटीएचएम ही त्याची सहज आठवणारी उदाहरणे आहेत. तरीही प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन चालू वर्षाचे वेळापत्रक पाहावे आणि आपल्याला हवी असलेली जोडी सध्या किती विद्यार्थी शिकत आहेत, हे थेट विचारावे. एकही नसेल, तर कारणही विचारावे.

खासगी विद्यापीठांची रचना मुळातच वेगळी आहे. पुण्यातील सिंबायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स २०११ मध्ये सुरू झाले, पुण्यातीलच फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर हरियाणातील सोनिपतचे अशोका विद्यापीठ २०१४ पासून चालू आहे. अशा ठिकाणी सुरुवातीला सर्वांना समान पायाभूत अभ्यासक्रम असतात, मेजरचा निर्णय थोडा पुढे ढकलता येतो, वर्ग लहान असतात आणि लेखनावर भर असतो. निबंध लिहायचा, शिक्षकाने तो दुरुस्त करायचा आणि विद्यार्थ्याने पुन्हा लिहायचा, ही सवय मला या पदवीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण आपल्याकडील सत्रान्त परीक्षेच्या धबडग्यात तिला जागा मिळणे कठीण जाते.

मात्र दोन गोष्टी तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.चे वार्षिक शुल्क हजारांत असते, तर या विद्यापीठांचे शिक्षण आणि वसतिगृह मिळून खर्च दरवर्षी काही लाखांत जातो. दुसरी गोष्ट माध्यमाची. निफाड, कळवण किंवा सुरगाण्याहून मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीला इथे बी.ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, तिथे मात्र पहिल्या दिवसापासून वाचन, चर्चा आणि लेखन इंग्रजीत असते. ती शिकेलच, परंतु पहिले वर्ष भाषेशी झगडण्यात जाईल आणि त्याची तयारी घरच्यांनीही ठेवावी.

आता सांगड घालण्याविषयी. अनेक विषय शेजारी शेजारी शिकल्याने कोणी आंतरविद्याशाखीय विचार करू लागत नाही. त्यासाठी एकच प्रश्न दोन पद्धतींनी हाताळावा लागतो. लासलगावच्या कांद्याचा भाव घ्या. लिलावात आवक वाढली की भाव पडतो, हे अर्थशास्त्र सांगते. उन्हाळ कांदा चाळीत किती काळ टिकेल, हे हवामान आणि साठवणुकीवर ठरते. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातबंदी का होती, हे समजायला राज्यशास्त्र लागते, आणि आवकेच्या आकड्यांतून कल ओळखायला संख्याशास्त्र. भूगोल मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असलेल्या विद्यार्थ्याने फील्ड प्रोजेक्टसाठी हाच प्रश्न घेतला, बाजार समितीच्या आवारात बसून अडत्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलला आणि दोन्ही विभागांतील एकेका शिक्षकाचे मार्गदर्शन घेतले, तर त्याचे काम कोणत्याही नामांकित विद्यापीठातील प्रकल्पाच्या तोडीचे होऊ शकते. खासगी विद्यापीठात ही जोडणी बऱ्याच अंशी अभ्यासक्रमच करून देतो. इथे ती विद्यार्थ्याला मागून घ्यावी लागते. असा शिक्षक महाविद्यालयात आहे की नाही, ही चौकशी इमारत आणि ग्रंथालय पाहण्याइतकीच आवश्यक आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून नियमित पदवीबरोबर दूरशिक्षणाने दुसरी पदवी घेण्यास मुभा दिली असल्यामुळे, महाविद्यालयात न मिळणारा विषय तिकडून घेता येतो. पण दोन परीक्षांचा भार सोसेल तरच हे करावे.

चौथ्या वर्षाचा निर्णय पुढच्या वाटेवर अवलंबून ठेवावा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला तीन वर्षांची पदवी पुरते, तर संशोधनाकडे किंवा परदेशी पदव्युत्तर शिक्षणाकडे वळणाऱ्याला चौथे वर्ष उपयोगी पडते. त्यातील संशोधन शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात.

माझे मत विचाराल तर, शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा घरची ऐपत असेल, इंग्रजी वाचनाची सवय असेल आणि आवड खरोखरच अजून ठरली नसेल, तर खासगी विद्यापीठाचा विचार जरूर करावा. शेत किंवा घर तारण ठेवून कर्ज काढावे लागणार असेल, तर नाशिकमध्ये राहून विचारपूर्वक जुळवलेली पदवी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण बी.ए.नंतरचा पहिला पगार असे हप्ते फेडण्याइतका असेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. मधल्या मार्गाची आशा ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या डिजिटल खात्यात, क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात, पण त्यांतील किती मान्य करायची, हे नवी संस्था ठरवते. तेव्हा एक वर्ष इथे काढून पुढे पुण्याला जाण्याचा बेत असेल, तर त्या संस्थेकडून उत्तर आधी लेखी घ्यावे आणि मगच पहिल्या वर्षाचे विषय भरावेत.