ऑफ-सीझनचा आठवडा: मायोर्का की कोस्टा देल सोल?

टाइमशेअरचा (रिसॉर्टमधल्या घरात दरवर्षी राहायच्या हक्काचा) आठवडा हाताशी आहे, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवताना नोव्हेंबर ते मार्च हाच काळ उरतो, आणि एक्सचेंजच्या (आपला आठवडा देऊन दुसरीकडचा घ्यायच्या) यादीत स्पेनची दोन नावं सारखी वर येतात: मायोर्का बेट आणि मालागा शहराच्या पश्चिमेचा कोस्टा देल सोल हा किनारा. दोन्हीकडे स्वयंपाकघरासकट दोन बेडरूमचं घर मिळतं. दोन्हीकडे हिवाळ्यातले आठवडे उन्हाळ्याच्या मानाने सहज सुटतात. नुसते फोटो बघून ठरवायचं तर मायोर्का डोळे मिटून घ्यावं. माझा कल दुसरीकडे आहे, पण मायोर्काची बाजू लंगडी नाही, म्हणून तीच आधी.

ऑफ-सीझन म्हणजे तुमच्यासाठी ऑक्टोबर असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, मायोर्का घ्या. त्या महिन्यात तिथलं पाणी साधारण 22 अंशांवर असतं, मुलं तासभर डुंबू शकतात. कोस्टा देल सोलला तेव्हाच ते दोन-तीन अंशांनी थंड लागतं, कारण जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी थेट त्या किनाऱ्याकडे येतं. वाळूचीही तुलना नको. आल्कुदियाच्या उपसागरात पांढरी, बारीक वाळू आणि लांबवर गुडघाभर पाणी. मालागाकडे वाळू करडी, भरड, आणि बऱ्याच ठिकाणी चार पावलांत खोली. पावसाचे आकडेही मायोर्काच्याच बाजूचे आहेत. मालागाला नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दर महिन्याला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मायोर्काची राजधानी पाल्माला जेमतेम निम्मा. मालागाचा पाऊस एक-दोन दिवस झोडपतो आणि मग स्वच्छ ऊन पडतं, पण ते दोन दिवस नेमके तुमच्या आठवड्यात आले तर सरासरीचा काय उपयोग? त्यात सेरा दे त्रामुन्ताना ही डोंगररांग (2011 पासून युनेस्कोच्या यादीत), फेब्रुवारीत फुललेले बदाम, आणि बारा महिने जागं असलेलं पाल्मा शहर. चालण्याची, सायकलची आवड असलेल्या दोघांसाठी मी बेधडक मायोर्का सुचवेन.

पण प्रश्न कुटुंबाचा आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत समुद्रात कोणीच उतरत नाही. पाणी दोन्हीकडे 14 ते 16 अंशांवर येतं. किनारा राहतो तो फिरायला आणि वाळूत खेळायला. तिथे मायोर्काच्या बारीक वाळूचा फायदाही अर्धा होतो, कारण हिवाळ्यात किनाऱ्यावर पोसिडोनिया या समुद्री गवताच्या तपकिरी पानांचे ढीग साचतात. ते मुद्दाम काढत नाहीत, वादळी लाटांपासून वाळू त्यांच्यामुळेच टिकते. कारण योग्य आहे, वास मात्र कुजक्या शेवाळाचा येतो, आणि ब्रोशरमधला किनारा हाच का असं मुलं विचारतात.

एवढ्यावर मी मायोर्का सोडलं नसतं. काटा फिरला तो बंद शटरमुळे.

मायोर्काची किनाऱ्यावरची बहुतेक गावं हंगामी आहेत. ऑक्टोबर संपला की हॉटेलं मिटतात आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत उघडत नाहीत. तिथले कामगार ‘फिहो दिस्कोन्तिनुओ’ करारावर असतात: नोकरी कायमची, काम हंगामापुरतं. माणसंच नाहीत म्हटल्यावर खालची बेकरी, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आइस्क्रीमची गाडी, भाड्याच्या सायकली, सगळं एकदम मिटतं. विमानतळावरून थेट किनारी गावांना जाणाऱ्या बसही बहुतांशी हंगामापुरत्याच. एरवी पाल्मात बस बदलायची, तीही कमी फेऱ्यांची. टाइमशेअर रिसॉर्ट उघडं असतं, कारण सभासदांचे आठवडे वर्षभराचे असतात. म्हणजे रिसेप्शनला माणूस आहे, लिफ्ट चालू आहे, आणि फाटकाबाहेर ओळीने लोखंडी शटर.

वरवर ही किरकोळ गोष्ट. पण स्वतः स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाचा दिवस दूध, पाव, भाजी, औषध अशा लहान-लहान खेपांनी भरलेला असतो. गाव बंद असलं की अशी प्रत्येक खेप गाडीची होते. गाडी चालवणारा एकच असेल तर तो आठवडाभर ड्रायव्हर होतो. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांची अवस्था आणखी वाईट: सकाळी पाय मोकळे करायला निघावं, बाकावर बसून कॉफी घ्यावी, चार माणसं बघावीत, यातलं काही नाही. माझ्या मते ऑफ-सीझनला घरच्यांची कुरबूर थंडीवरून कमी आणि या सुनसानपणावरून जास्त होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून सायकलस्वारांचे जथे येऊ लागतात आणि आल्कुदियाकडे थोडी जाग येते, पण उघडतं ते त्यांच्या सोयीचं.

कोस्टा देल सोलवर उलटं चित्र आहे. फुएनहिरोला हे आधी राहणाऱ्यांचं गाव आहे, पर्यटन नंतर. स्थानिक वस्ती दाट, वर हिवाळा काढायला आलेले उत्तर युरोपातले निवृत्त लोक. जानेवारीतल्या मंगळवारी दुपारीही समुद्राकाठचा फरसबंद रस्ता भरलेला असतो. त्याहून मोठी सोय म्हणजे सेर्कानियासची सी-1 लोकल. दर 20 मिनिटांनी गाडी, मालागा विमानतळावरून फुएनहिरोला साधारण 35 मिनिटं, मध्ये तोरेमोलिनोस, बेनालमादेना, कार्वाहाल, लोस बोलिचेस. ज्याला मालागाचं पिकासो संग्रहालय बघायचं आहे तो तिकडे जातो, मुलं फुएनहिरोलाच्या बायोपार्कला, आजोबा कट्ट्यावर. भाड्याची गाडी आठवडाभर न घेता रोंदा या डोंगरातल्या गावी जायच्या एका दिवसापुरती घेतली तरी चालतं. (घेतलीत तर लक्षात ठेवा: 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, आणि ते आधी नोंदवलं नाही तर काउंटरवर नेमकं हव्या त्या मापाचं नसतं.)

इथे एक सावधगिरी. कोस्टा देल सोल नाव लावणारं प्रत्येक रिसॉर्ट असं नाही. लोहमार्ग फुएनहिरोलाला संपतो. पुढे मिहास कोस्टा, मार्बेया, एस्तेपोना या पट्ट्यातली बरीच टाइमशेअर रिसॉर्ट ए-7 महामार्गाला लागून असलेल्या वसाहतींमध्ये आहेत. रिसॉर्ट म्हणून ती अनेकदा जास्त देखणी असतात, पण सुपरमार्केट नकाशावर 300 मीटर दिसतं आणि प्रत्यक्षात महामार्गाच्या पलीकडे असतं. पादचारी पूल कुठे आहे ते सॅटेलाइट नकाशावर शोधा आणि चालण्याचं अंतर त्या पुलावरून मोजा. पूल लांब असेल तर मायोर्कातलाच त्रास इथे विकत घेतलात असं समजा. याच न्यायाने मायोर्काला जाणं ठरलंच असेल तर पाल्मानोव्हा ते सांता पोन्सा हा नैर्ऋत्येचा भाग त्यातल्या त्यात बरा. पाल्मा जवळ आहे आणि बारमाही वस्तीही आहे.

उजेडाचा फरक कोणी मोजत नाही, पण तो जाणवतो. दोन्ही ठिकाणी घड्याळ एकच, मालागा मात्र बरंच पश्चिमेला आणि दक्षिणेला. डिसेंबरच्या मध्यावर पाल्मात साडेपाचच्या आधी सूर्य मावळतो, मालागात सहाला. दुपारच्या झोपेतून उठलेल्या मुलांना तो अर्धा तास वाळूत मिळतो. शिवाय कोस्टा देल सोल दक्षिणाभिमुख आहे आणि मागे मिहासचे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात. आल्कुदिया-पोयेन्साचे उपसागर ईशान्येला उघडे, त्रामुन्ताना हा उत्तरेचा वारा सुटला की बाल्कनीचा उपयोग टॉवेल उडवण्यापुरता. जानेवारीचं दुपारचं सरासरी तापमान मालागाला 17 आणि पाल्माला 15 अंश. फरक दोनच अंशांचा, पण वाऱ्यासकट तो बराच मोठा वाटतो.

खर्चात फारसा फरक पडू नये. मायोर्काला पर्यटन कर आहे, पण नोव्हेंबर ते एप्रिल तो उन्हाळी दराच्या चौथा हिस्सा असतो आणि 16 वर्षांखालच्यांना माफ. विमानाचं गणित मात्र तपासा. टाइमशेअरचा आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो, आणि उत्तर युरोपातून पाल्माला थेट जाणारी विमानं हिवाळ्यात रोडावतात. मग माद्रिद किंवा बार्सिलोनामार्गे जावं लागतं. मालागाची थेट विमानं वर्षभर बरी असतात, आणि माद्रिदहून हायस्पीड रेल्वेनेही सुमारे तीन तासांत पोचता येतं.

शनिवारी पोचण्याचा आणखी एक फास दोन्हीकडे सारखाच आहे. घराचा ताबा दुपारी चार-पाचला मिळतो आणि रविवारी मोठी सुपरमार्केट बंद. मेर्कादोना हे सुपरमार्केट शनिवारी रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा सामान टाकून एकाने लगेच निघायचं. दूध, तांदूळ, अंडी, भाज्या आणि पिण्याचं पाणी दोन दिवसांचं. 6 आणि 8 डिसेंबर, 25 डिसेंबर, 1 आणि 6 जानेवारी या सुट्ट्याही कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. कुकर नेणार असाल तर शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, साध्या काचेच्या विद्युत शेगडीवर चालतो.

आता घराबद्दल. ही बांधकामं उन्हाळ्यासाठीची: फरशी थंडगार, भिंती पातळ, गरम करायला फक्त उलटा चालवलेला, गरम हवा देणारा एसी. तो बहुधा हॉलमध्ये असतो आणि बेडरूम गारच राहतात. म्हणून आठवडा पक्का करण्याआधी रिसॉर्टला ईमेल करून लेखी विचारा: प्रत्येक बेडरूममध्ये गरम हवेची सोय आहे का, वीज मीटरप्रमाणे वेगळी आकारतात का, घर दक्षिणेकडे तोंड असलेलं मिळेल का, आणि इमारतीतला पोहण्याचा तलाव आमच्या तारखांना चालू आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तलाव रिकामा करून दुरुस्ती करायची ती ऑफ-सीझनलाच, आणि माहितीपत्रकात ‘गरम पाण्याचा तलाव’ हे शब्द तरीही तसेच असतात. पाणी किती अंशांना ठेवतात तेही विचारा. 24 अंशांत लहान मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात, 28 असेल तर जेवायला हाका माराव्या लागतात. आरसीआय या एक्सचेंज कंपनीच्या यादीत ‘6/4’ लिहिलेलं असलं तर सहा जण मावतात, पण खासगी झोपण्याची जागा चौघांचीच. उरलेले दोघे हॉलमधल्या सोफा-बेडवर. आजी-आजोबांना बेडरूम द्यायची तर सोफा कोणाच्या वाट्याला, ते निघण्याआधी ठरलेलं बरं.

शेंगेन व्हिसा लागणार असेल तर ऐनवेळच्या स्वस्त आठवड्यांच्या मोहात पडू नका. इंटरव्हल या दुसऱ्या एक्सचेंज कंपनीची ऐनवेळच्या आठवड्यांची ‘फ्लेक्सचेंज’ खिडकी प्रवासाच्या 59 दिवस आधी उघडते, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट त्यानंतर मिळेलच असं नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा आठवडा निदान चार महिने आधी हातात असावा. एक्सचेंजच्या कन्फर्मेशनवर बहुधा एकट्या सभासदाचं नाव असतं. सर्व प्रवाशांची नावं आणि तारखा असलेलं पत्र रिसॉर्टकडून मागून घ्या. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं लागतं.

आणि पोचल्यावर स्वागताच्या टेबलावर नाश्ता किंवा सहलीची कुपन देऊन ‘छोट्याशा माहितीसत्राला’, म्हणजे टाइमशेअर विकायच्या बैठकीला, बोलावतील. ऑफ-सीझनला पाहुणे कमी, त्यामुळे आग्रह जास्त. नको असेल तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा. गेलातच तर एवढं लक्षात ठेवा: स्पेनच्या 2012 च्या कायद्याप्रमाणे करार 14 दिवसांत विनाकारण रद्द करता येतो, आणि त्या मुदतीत विक्रेत्याला तुमच्याकडून अनामत म्हणूनही एक युरो घेता येत नाही. कार्ड मागितलं की उठायचं.